स्ट्रॉबेरीचे पोषणमूल्य: दाव्यांत तथ्य किती आणि फळ खावे कसे

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: स्ट्रॉबेरीत नेमके कोणते पोषण असते, ती नियमित खाल्ल्याने हृदय, स्मरणशक्ती आणि त्वचा सुधारते असे जे सांगितले जाते त्यात तथ्य किती, आणि घरात मधुमेह असलेले वडील व दीड वर्षांचे मूल असताना ती दोघांनाही देता येईल का. आहारसल्ल्याच्या कामात हे प्रश्न मला बहुधा एकत्रच विचारले जातात. माझे मत आधीच सांगतो. कमी साखरेत भरपूर जीवनसत्त्व क देणारे फळ म्हणून स्ट्रॉबेरी उत्तम आहे आणि घरातील बहुतेक सर्वांना ती चालते; मात्र औषध समजून ती खाण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही.

प्रथम आकडे पाहू. शंभर ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरीत सुमारे 91 ग्रॅम पाणी, साधारण 32 कॅलरी, पावणेआठ ग्रॅम कर्बोदके आणि त्यांपैकी जेमतेम 5 ग्रॅम साखर असते. तंतुमय पदार्थ 2 ग्रॅम, प्रथिने पाऊण ग्रॅमहूनही कमी आणि स्निग्धांश नगण्य असतात. म्हणजे पोट भरण्याच्या किंवा शक्ती मिळण्याच्या दृष्टीने या फळाकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. तुलनेसाठी सांगायचे तर तेवढ्याच वजनाच्या केळ्यात सुमारे 12 ग्रॅम आणि द्राक्षांत 15 ग्रॅमच्या आसपास साखर असते. चवीला गोड लागूनही स्ट्रॉबेरीत साखर इतकी कमी असण्याचे कारण असे की तिच्या गोडीचा बराचसा भाग सुगंधातून येतो. सर्दीने नाक चोंदलेले असताना हेच फळ आंबट आणि पाणचट लागते, ते त्यामुळेच.

तिची खरी श्रीमंती जीवनसत्त्व क मध्ये आहे. शंभर ग्रॅममागे सुमारे 59 मिलिग्रॅम हे प्रमाण संत्र्यातील 53 मिलिग्रॅमपेक्षा किंचित अधिक आहे. पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या पुढे जाते, त्यामुळे स्ट्रॉबेरीला या जीवनसत्त्वाचा सर्वांत मोठा स्रोत म्हणणे बरोबर होणार नाही. तरीही घरातील वजनकाट्यावर मध्यम आकाराची बारा-तेरा फळे ठेवली तर दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतात आणि तेवढ्यातून जवळजवळ 88 मिलिग्रॅम जीवनसत्त्व क मिळते. भारत आणि अमेरिका यांच्या शिफारशी प्रौढांसाठी साधारण 65 ते 90 मिलिग्रॅम या टप्प्यात असल्यामुळे एवढ्या एका वाटीत दिवसाची गरज बहुतांशी भागते, आणि तीही पन्नासपेक्षा कमी कॅलरींत. फळ फार मोठे असेल तर सात-आठ नगांतही हे वजन भरते, म्हणून नग मोजण्यापेक्षा एकदा वजन करून आपल्या वाटीचा अंदाज घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

जीवनसत्त्व क शरीरात नेमके काय करते, हे लक्षात आले की त्वचेच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि अस्थिबंध यांना बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन तयार होताना त्याच्या साखळीतील काही अमिनो आम्लांवर विशिष्ट रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते आणि ती करणारी विकरे (एन्झाइम) जीवनसत्त्व क शिवाय नीट काम करू शकत नाहीत. या जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता झाली की हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, जुने व्रणही पुन्हा उघडू शकतात. यालाच स्कर्व्ही म्हणतात. परंतु हा रोग टाळण्यासाठी दिवसाला सुमारे 10 मिलिग्रॅम पुरतात. ज्याच्या आहारात हे जीवनसत्त्व आधीच पुरेसे आहे त्याची त्वचा आणखी दोन वाट्या स्ट्रॉबेरी खाऊन अधिक तजेलदार होईल, असे मानायला आधार नाही. सर्दीबद्दलही असेच आहे. नियमित जीवनसत्त्व क घेतल्याने सर्वसामान्य माणसाला सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही, फक्त तिचा कालावधी थोडा कमी होतो, असे या विषयावरील एकत्रित आढाव्यांतून दिसून आले आहे.

याच जीवनसत्त्वाचा एक उपयोग मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. धान्ये, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात जीवनसत्त्व क असेल तर हे लोह शोषण्याजोग्या रूपात येते आणि त्याच रूपात टिकून राहते. स्ट्रॉबेरीत स्वतःचे लोह शंभर ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. त्यामुळे तिच्या लाल रंगावरून ती रक्त वाढवते, असा निष्कर्ष काढू नये. पण शाकाहारी जेवणासोबत किंवा जेवण संपताच ती खाल्ली तर त्या जेवणातील लोहाचा फायदा वाढतो. रक्तक्षय असलेल्या व्यक्तीने ती दोन जेवणांच्या मध्ये खाण्याऐवजी जेवणालाच जोडून खावी आणि त्या वेळी चहा-कॉफी टाळावी, असे मी आवर्जून सांगतो. चहातील टॅनिनमुळे हा लाभ बराचसा वाया जातो.

इतर सूक्ष्म घटकांविषयी थोडक्यात सांगतो. मँगनीज बऱ्यापैकी म्हणजे शंभर ग्रॅममागे साधारण 0.4 मिलिग्रॅम असते. फोलेट सुमारे 24 मायक्रोग्रॅम असते. गर्भधारणेच्या आधी आणि पहिल्या तिमाहीत रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाची, म्हणजे फोलेटच्याच कृत्रिम रूपाची, गोळी सुचवली जाते. त्या गोळीची जागा हे फळ घेऊ शकत नाही. पोटॅशियम सुमारे 153 मिलिग्रॅम असते, केळ्यातील प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन आलेल्या रुग्णांना ज्या थोड्या फळांची मुभा मिळते त्यांत स्ट्रॉबेरी असते, ती यामुळेच. अर्थात त्यांनी प्रमाण आपल्या वैद्यांकडूनच ठरवून घ्यावे.

आता रंगाकडे वळू, कारण बहुतेक मोठे दावे त्याच्याभोवती फिरतात. स्ट्रॉबेरीचा लाल रंग अँथोसायनिन या गटातील द्रव्यांचा असतो आणि त्यांत पेलार्गोनिडिनपासून बनलेले द्रव्य सर्वाधिक असते. याखेरीज तिच्यात एलाजिटॅनिन नावाची द्रव्ये भरपूर असतात. ती आतड्यात जशीच्या तशी शोषली जात नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे युरोलिथिन नावाच्या लहान रेणूंत रूपांतर करतात आणि ते रेणू रक्तात जातात. गंमत अशी की हे रूपांतर करणारे जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात सारखे नसतात. एकाच वाटीतून कोणाला युरोलिथिन भरपूर मिळते, तर कोणाला जवळजवळ मिळतच नाही. ‘स्ट्रॉबेरीतील अँटिऑक्सिडंट’ (पेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखणारी द्रव्ये) असा सरसकट उल्लेख वाचताना हे ध्यानात ठेवावे. परीक्षानळीत मोजलेली अँटिऑक्सिडंट शक्ती आणि शरीरातील परिणाम यांचा थेट संबंध जोडता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अशा गुणांकांची आपली यादी 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. तरीही त्या यादीतील आकडे अजून जाहिरातींत फिरत असतात.

हृदयाबाबतचा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील 25 ते 42 वर्षे वयाच्या सुमारे 93,600 परिचारिकांच्या आहाराची आणि आरोग्याची नोंद त्यात 18 वर्षे ठेवण्यात आली. ज्यांच्या आहारात अँथोसायनिन सर्वाधिक होते त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका, ते सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत, 32 टक्क्यांनी कमी आढळला. आठवड्यात तीनपेक्षा अधिक वेळा स्ट्रॉबेरी किंवा ब्लूबेरी खाणाऱ्यांत हा फरक 34 टक्के दिसला आणि मथळ्यांत गेला तो हाच आकडा. प्रत्यक्षात फळांचा हा 34 टक्क्यांचा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता, कारण त्यातील अनिश्चिततेची कक्षा ‘काहीच फरक नाही’ इथपर्यंत पोहोचत होती. शिवाय अशी फळे खाणारी माणसे व्यायाम, धूम्रपान आणि एकूण आहार याही बाबतींत वेगळी असतात. संशोधक या गोष्टींसाठी आकडेमोडीत दुरुस्ती करतात, परंतु ती कधीच पूर्ण होत नाही. स्मरणशक्तीविषयीचा दावाही अशाच निरीक्षणातून आला आहे. सत्तरीपुढील सोळा हजारांहून अधिक परिचारिकांवरील, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेरीवर्गीय फळे अधिक खाणाऱ्यांचा बौद्धिक ऱ्हास संथ गतीने झाल्याचे दिसले आणि हा फरक वयाच्या हिशेबात अडीच वर्षांपर्यंतचा असल्याचा अंदाज मांडला गेला. संबंध दिसतो, एवढेच यावरून म्हणता येते; स्ट्रॉबेरीमुळेच तसे घडले, असे म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष फळ देऊन केलेले प्रयोगही आहेत, मात्र ते लहान आहेत. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पोटाचा घेर आणि रक्तातील मेद वाढलेल्या 60 प्रौढांना 12 आठवडे गोठवून वाळवलेल्या स्ट्रॉबेरीची पूड देण्यात आली. रोज 50 ग्रॅम पूड घेणाऱ्यांचे एलडीएल म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल घटले. पण 50 ग्रॅम पूड म्हणजे जवळजवळ अर्धा किलो ताजी फळे. इतकी स्ट्रॉबेरी रोज, तीन महिने कोण खाणार? अशा प्रयोगांपैकी अनेकांना स्ट्रॉबेरी उत्पादकांच्या संघटनांनी निधी पुरवलेला आहे, हेही ध्यानात घ्यावे. तेवढ्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. मात्र मोठ्या आणि स्वतंत्र प्रयोगांत ते पुन्हा दिसेपर्यंत कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून फळावर विसंबणे धोक्याचे आहे. माझ्याकडे असा विचार घेऊन येणारे कमी नसतात, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहे.

वडिलांच्या मधुमेहाबाबत मात्र मी बराच निश्चिंत आहे. स्ट्रॉबेरीचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तशर्करा किती वेगाने वाढते ते दाखवणारा अंक, 40 च्या आसपास म्हणजे कमी गटात येतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वाटीत एकूण कर्बोदकेच साडेअकरा ग्रॅम असल्यामुळे रक्तशर्करेवर पडणारा एकूण भार फारच थोडा असतो. फिनलंडमधील संशोधकांनी निरोगी स्त्रियांना पांढऱ्या पावासोबत बेरींचा गर देऊन पाहिले तेव्हा स्ट्रॉबेरीसोबत पाव खाल्ल्यानंतर इन्शुलिनची वाढ कमी राहिल्याचे आढळले. स्ट्रॉबेरीतील पॉलिफेनॉल द्रव्ये स्टार्च आणि साखरेचे पचन करणाऱ्या विकरांना काही अंशी अडवतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. वडिलांनी जेवणानंतर गोड पदार्थाच्या जागी ही वाटी घ्यावी, आहे त्या जेवणात नुसती भर म्हणून घेऊ नये. पहिल्या एक-दोन वेळी खाण्याआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर तपासणी करावी. आपल्या शरीराचा आकडा कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

येथे एक खबरदारी सांगणे भाग आहे. ‘मी रोज स्ट्रॉबेरी खातो’ असे सांगणाऱ्यांची आहारनोंद उघडून पाहिली की पुष्कळदा तिथे मिल्कशेक, क्रीम, सिरप किंवा जॅम निघतो. जॅमच्या वजनात निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा साखरेचा असतो, शिजवताना जीवनसत्त्व क चा बराच भाग नष्ट होतो आणि साठवणीत अँथोसायनिनही विघटित होत जाते. बरणीतील जुना जॅम लालऐवजी तपकिरी दिसू लागतो, तो याच विघटनाची खूण असतो. स्ट्रॉबेरीच्या ‘स्वादाचे’ म्हणून विकले जाणारे अनेक पदार्थ तर फळाशी नावापुरतेच संबंधित असतात. रस गाळून पिणेही मला पसंत नाही. फळाच्या पृष्ठभागावरील ज्या पिवळसर कणांना आपण बिया समजतो ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी फळे असतात आणि प्रत्येकात एक बी असते; लाल गर हा फुलाच्या देठाकडील फुगलेला भाग असतो. हे कण वजनाने शेकड्यात एखादाच टक्का भरले तरी तंतू आणि एलाजिटॅनिन यांचा बराच मोठा हिस्सा त्यांच्यात असतो. गाळणीत उरलेला चोथा टाकताना आपण नेमके तेच टाकतो.

फळ निवडताना एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. ठेवून रंग थोडा गडद होईल, फळ मऊही पडेल, पण साखर वाढत नाही. म्हणून देठाजवळचा भाग पांढरा किंवा हिरवट असलेले फळ घरी ठेवून गोड होईल, या आशेने घेऊ नये. देठापर्यंत एकसारखे लाल, कोरडे आणि हिरवी पाने ताजी असलेले फळ घ्यावे आणि डब्याचा तळ उलटून पाहावा. कागदावर ओल किंवा रसाचे डाग असतील तर खालची फळे दबलेली असतात. घरी आणल्यावर न धुता, पसरट डब्यात, फ्रिजच्या थंड भागात ठेवावीत आणि दोन-तीन दिवसांत संपवावीत. ओलाव्यामुळे राखाडी बुरशी झपाट्याने पसरते. बुरशी आलेले फळ आणि त्याला चिकटलेली मऊ फळे टाकून द्यावीत. बुरशीचा भाग कापून उरलेले खाणे अशा रसाळ फळांच्या बाबतीत योग्य नाही.

धुण्याबाबत हयगय करू नये. या फळाला साल काढण्याची सोय नाही, पृष्ठभाग खडबडीत असतो आणि ते जमिनीलगत वाढते, त्यामुळे माती, कीटकनाशकांचे अंश आणि हाताळणीतून आलेले जंतू त्यावर राहू शकतात. खाण्याच्या थोडेच आधी, देठ न काढता, वाहत्या पाण्याखाली प्रत्येक फळ बोटांनी हलकेच चोळून धुवावे आणि मग देठ काढावा. देठ आधी काढला तर त्या खाचेतून पाणी आत शिरते, चव पातळ होते आणि पृष्ठभागावरची घाणही आत जाऊ शकते. साबण वापरू नये. धुण्याने कीटकनाशकांचे अंश कमी होतात, पूर्णपणे जात नाहीत. परंतु या भीतीपोटी फळ खाणेच सोडणे मला तोट्याचे वाटते.

गोठवलेल्या स्ट्रॉबेरीचा पोषणाच्या दृष्टीने कमीपणा मानू नये. साखर न घातलेल्या गोठवलेल्या फळांत शंभर ग्रॅममागे सुमारे 41 मिलिग्रॅम जीवनसत्त्व क शिल्लक असते. प्रश्न उरतो तो स्वच्छतेचा, कारण गोठवल्याने विषाणू मरत नाहीत. 2012 मध्ये जर्मनीच्या पूर्व भागात गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू पसरून जवळजवळ अकरा हजार लोक आजारी पडले होते, आणि त्यांत मुख्यतः शाळांची व बालवाड्यांची मुले होती. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यासाठी गोठवलेली फळे उकळी आणून वापरणे शहाणपणाचे आहे, भले त्यात काही जीवनसत्त्व क गेले तरी चालेल.

कोणी जपून खावी, हेही सांगायला हवे. स्ट्रॉबेरी आम्लधर्मी असल्यामुळे आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांना ती रिकाम्या पोटी बाधू शकते. ती दातांवर चोळल्याने दात पांढरे होतात, हा समज चुकीचा आहे. तिच्यातील सायट्रिक आम्लाने दातांचे कवच झिजू शकते, म्हणून खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये. बर्चसारख्या झाडांच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असणाऱ्या काहींना ती खाताच ओठ आणि घसा खाजतो, कारण फळातील एक प्रथिन त्या परागकणांतील प्रथिनाशी मिळतेजुळते असते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांना या फळाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, कारण या औषधाचा परिणाम कमी करणारे जीवनसत्त्व के त्यात अत्यल्प असते. मूतखडा झालेल्यांनीही वाटीभर खायला हरकत नसते; खडा बनण्यास हातभार लावणारे ऑक्सलेट तिच्यात पालक, बीट किंवा बदाम यांच्या तुलनेत फार कमी असते.

आपल्या दीड वर्षांच्या मुलाला ती जरूर द्यावी. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की कुस्करलेली स्ट्रॉबेरी देता येते. या वयात अख्खे, गोल आणि बुळबुळीत फळ घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून फळाचे उभे चार तुकडे करून, मुलाला बसवून आणि समोर थांबून भरवावे. सुरुवातीला एखाद-दुसरेच फळ पुरे. खाल्ल्यानंतर तोंडाभोवती लालसर चट्टे उठले, पण मूल खेळते आहे आणि चट्टे तासाभरात मावळले, तर बहुधा तो फळातील आम्लाचा त्वचेवरील स्थानिक परिणाम असतो. भरवण्यापूर्वी ओठांभोवती व्हॅसलिनचा पातळ थर लावला आणि नंतर तोंड ओल्या कापडाने पुसले की तो सहसा टळतो. मात्र अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा पापण्या सुजणे, वारंवार उलटी होणे किंवा श्वास घेताना घरघर होणे यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि तज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत स्ट्रॉबेरी पुन्हा देऊ नये.